झडप मी ओढली

जबाब देणार: स्त्री, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी (शहराच्या प्राणिसंग्रहालयात प्राणिरक्षक, वाघ विभाग), राहणार प्राणिसंग्रहालयामागची कर्मचारी वसाहत, दुसरा मजला, जिन्याला लागून पहिली खोली. पूर्ण नाव व ओळखपत्राचा क्रमांक समासात लिहून घेतला आहे.

समक्ष ठाण्यात बसून, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी पती व एका मुलीसह राहते. प्राणिसंग्रहालयात मला एकोणीस वर्षे झाली. तिथे मला सगळे वाघमावशी म्हणतात. मांजर ही वाघाची मावशी नंबर एक आणि ही नंबर दोन, असे आमचे निवृत्त मुकादम म्हणायचे, तेव्हापासून ते नाव चिकटले. हवालदारांनी विचारले, हे लिहू का. मी म्हटले लिहा, कारण माझ्या खऱ्या नावाने तिथे चौकशी केलीत तर अशी कोणी बाई इथे नाही असेच उत्तर मिळेल.

माझे पती वेल्डर आहेत. वय ५२. आमच्याकडे वाघांचे नवे आवार बांधायचे काम सुरू झाले तेव्हा ठेकेदाराने त्यांना घेतले, त्याला आता अडीच महिने होतील. आम्ही नवरा-बायको आहोत हे त्यांनी तिथे कोणाला कळू दिले नव्हते. "कामावर तू मावशी आणि मी वेल्डर. बायकोच्या वशिल्यानं लागलो असं कुणी म्हणायला नको," असे त्यांचे म्हणणे होते. फाटकातून आत गेलो की तेही मला मावशी म्हणत. मला हसू यायचे, पण त्यांचा मान म्हणून मी पाळले.

नवे आवार असे आहे. मागे एकामागे एक दोन कोठड्या आहेत, एक आतली व एक बाहेरची. कोठडी हा शब्द आमच्याकडेही आहे, आणि आमच्या इथल्या कोठड्या रोज दोनदा धुतात. दोन्हींच्या मधे सरकते दार आहे. बाहेरच्या कोठडीतून मोकळ्या आवारात जायला एक लोखंडी पत्र्याचे दार आहे. बाजूच्या बोळातून साखळी ओढली की ते वर उचलले जाते. त्याला आम्ही झडप म्हणतो. पुढे मोकळी जागा, मग सिमेंटचे खोटे खडक, आणि त्यांच्या पलीकडे प्रेक्षकांच्या बाजूला खोल खंदक. खंदकात अजून पाणी सोडलेले नव्हते. खडकावर, खंदकाच्या कडेने कठडा बसवण्याचे काम चालू होते.

गेल्या पंधरा दिवसांत तीन गाड्या आल्या. पहिलीत साळिंदरांची जोडी, दुसरीत पाच काळविटे, तिसरीत दुसऱ्या शहरातून एक वाघीण, सहा वर्षांची. ती येऊन आज नववा दिवस. तिचा सगळा जन्म पिंजऱ्यात गेलेला आहे. वर पत्रा नाही असे आभाळ तिने कधी पाहिलेले नाही, असे तिच्या कागदांत लिहिले आहे.

या वाघिणीला नाव नाही, हे मुद्दाम सांगते. उद्घाटनाला येणारे पाहुणे तिचे नाव ठेवणार होते. तोवर कोणी स्वतःच्या मनाने नाव ठेवायचे नाही, असा अधीक्षक साहेबांचा लेखी हुकूम होता. त्यालाही कारण घडले होते. साळिंदरांच्या जोडीला आमच्यापैकी कोणीतरी साहेब आणि बाईसाहेब म्हणायला लागले आणि ते साहेबांच्या कानावर गेले. म्हणून वाघिणीच्या वहीवर 'नवी मादी' एवढेच होते. आमचा जुना वाघ ढोल्या. त्याला हलवताना आम्ही सेटवर बोलतो ते असे: "ढोल्या आत, कडी लागली." नाव घेतले की कोणाबद्दल चालले आहे ते सगळ्यांना कळते. या बाईचे नावच नव्हते. नऊ दिवस आम्ही नुसतेच आली, गेली, खाल्लं, आत आहे, असे बोलत होतो.

सेट म्हणजे वॉकीटॉकी. ठेकेदाराच्या माणसांनाही आमच्याच कपाटातले तीन सेट दिले होते, त्यामुळे सगळ्यांचे बोलणे एकाच लाइनीवर येत असे. त्या खरखरीत सगळ्यांचे आवाज एकाच आईच्या लेकरांसारखे ऐकू येतात.

आज सकाळी झडप वरखाली करून तेल घालायचे ठरले होते, कारण ती मधेच अडकत होती. त्यासाठी वाघीण आतल्या कोठडीत आणि मधले दार बंद हवे. दहा वाजून वीस मिनिटांनी मी ठेकेदाराच्या सुपरवायझरला आवारातून माणसे बाहेर काढायला सांगितले. सुपरवायझर अठ्ठावीस वर्षांचा मुलगा आहे, हेल्मेटखाली टाय घालून येतो. तो म्हणाला, "सगळे चहाला गेलेत, मावशी. वेल्डर तेवढा आहे. कठड्याचं एक टोक राहिलंय. दहा मिनिटांत काढतो त्याला." बावन्न वर्षांच्या माणसाला 'त्याला'. मला बोचले.

पावणेअकराला मी साखळीच्या बोळात गेले. माझा जोडीदार रक्षक मागच्या बाजूने वाघिणीला आतल्या कोठडीत घ्यायला गेला होता. बोळातून कोठड्यांच्या आतले दिसत नाही, म्हणून तो सेटवर सांगतो आणि मग मी ओढते. मी सेटवर विचारले, "आत आहे का?" उत्तर आले, "आत आहे." साखळीला दोन्ही हात लागतात. मी सेट खिळ्याला अडकवला आणि साखळी ओढली. घड्याळात दहा सत्तेचाळीस झाले होते.

ते उत्तर माझ्या जोडीदाराचे नव्हते. सुपरवायझरचे होते. मी वेल्डरबद्दल विचारते आहे असे त्याला वाटले, आणि वेल्डर आत आहे हे त्याने खरे तेच सांगितले. त्या मुलाने खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्याने 'आत आहेत' म्हटले असते, तर मी जागच्या जागी थांबले असते, कारण वाघिणीला आहेत कोणी म्हणत नाही. एका 'त'चा फरक. त म्हणता ताकभात ओळखणारी बाई मी, आणि तो 'त' काही आला नाही.

येथे हवालदारांनी विचारले की, वाघिणीने झडप कधी घातली. मी सांगितले की वाघिणीने झडप घातली नाही. झडप मी ओढली. कृपया दोन्ही वेगवेगळे लिहावे.

साखळी पूर्ण ओढून मी आकड्याला लावली, तोच जोडीदार धावत बोळात आला. तो म्हणाला, "मावशी, ओढू नका, मधलं दार अडकलंय. ती बाहेरच्या कोठडीतच आहे." तो सेटवर दोनदा ओरडला होता म्हणे. सेट खिळ्यावर होता. तेवढ्यात मला आवारातून चर्र असा वेल्डिंगचा आवाज ऐकू आला. तो आवाज मी तेवीस वर्षे ऐकते आहे. झोपेतही ओळखेन. 

साखळी सोडावी तर वाघीण त्यांच्याबरोबर बाहेर कोंडली जाणार होती. धरून ठेवावी तर तिच्या परत येण्याची वाट बघत बसायचे. मी जोडीदाराला म्हटले, "साखळीपाशी उभा राहा. मी सांगितल्याशिवाय सोडू नकोस. मेले तरी सोडू नकोस." आणि शिडीने कोठड्यांच्या छतावर चढले.

छतावरून दिसले ते असे. वाघीण झडपेपासून सात-आठ पावलांवर पोटाशी पाय घेऊन बसली होती. तिची नजर ठिणग्यांवर होती. तिच्यापासून वीस-बावीस पावलांवर, खडकावर, माझे पती गुडघ्यावर बसून कठड्याला टाका मारत होते. पाठ तिच्याकडे. तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा. त्या काचेतून ठिणगीशिवाय काही दिसत नाही, आणि जनरेटर चालू असल्यामुळे ऐकूही येत नाही. माणसांना यायच्या-जायच्या छोट्या दरवाजाची वाट झडपेला लागूनच होती, म्हणजे वाघिणीच्या पलीकडे.

एक रॉड साधारण दीड मिनिट जळतो. वेल्डरची बायको असल्यामुळे मला हे माहीत आहे. रॉड जळतो आहे तोवर ती ठिणग्यांना बिचकून बसून राहील आणि त्यांना काही कळणार नाही. रॉड संपला की ते मुखवटा वर करणार. मी तो रॉड संपू नये म्हणून मनात काय काय बोलले ते येथे लिहिण्यासारखे नाही. तो संपला.

त्यांनी मुखवटा वर केला आणि मला छतावर पाहिले. मी दोन्ही तळवे पुढे करून, हलू नका, अशी खूण केली. त्यांनी हात वर केला. ते हसले.

हवालदारांनी विचारले, हसले का. सांगते. सकाळी आमचे भांडण झाले होते. छताचा पंखा चार महिने खडखडतो आहे. मी म्हणाले, "जगाचे कठडे जोडत फिरता आणि घरचा एक पंखा होत नाही. दिव्याखाली अंधार." ते म्हणाले, "वाघांना गोंजारतेस आणि घरी आलीस की माझ्यावर गुरगुरतेस." मग मी आणखी बोलले, तेही आणखी बोलले, आणि चहा तसाच टाकून निघून गेले. डबा मीच माझ्याबरोबर आणला होता. छतावर मला पाहून त्यांना वाटले मी समेटाला आले. म्हणून हसले. भांडण पंख्यावरूनच झाले, दुसरे कारण नव्हते, आणि मी त्यांना मुद्दाम काही केलेले नाही. वसाहतीत कोणालाही विचारावे.

माझ्या तोंडाकडे पाहून त्यांचे हसणे गेले. त्यांनी मान वळवली आणि तिला पाहिले.

एकोणीस वर्षांत मला वाघाची भीती वाटली नाही, असे मी सगळ्यांना सांगत आले आहे. मुलांच्या सहली येतात त्यांनाही सांगते. ते जाळीच्या अलीकडून सांगणे सोपे असते. आज माझी बोबडी वळली. मला माझ्याच दातांचा आवाज ऐकू येत होता. छताचा पत्रा माझ्या पायांखाली थरथरत होता. मला वाटले जनरेटरमुळे. जनरेटर मगाशीच कोणीतरी बंद केला होता.

मला जमले तेवढे मी केले. जोडीदार साखळीपाशीच होता, म्हणून दुसऱ्या एका रक्षकाने मागून बाहेरच्या कोठडीत मांस टाकले. मी वरून तिला हाका मारायचा प्रयत्न केला. ढोल्या असता तर एका हाकेत फिरला असता. हिला काय म्हणून हाक मारू? मी म्हटले, "ये गं. ये बाई. ये माझे आई." तिने कानसुद्धा हलवला नाही. माझ्या आवाजाशी तिची नऊ दिवसांची ओळख.

दहा पंचावन्नला आमचे प्राण्यांचे डॉक्टर बेशुद्धीची बंदूक घेऊन छतावर आले. ते म्हणाले, "मावशी, सुई लागल्यावर झोपायला हिला पाच ते दहा मिनिटं लागतील. तोवर ती पिसाळेल. तुम्ही सांगा, मारू का थांबू?" मी थांबा म्हटले. ती घाबरलेली होती. आभाळाकडे बघत होती आणि पुन्हा पुन्हा झडपेकडे बघत होती. ती आपसूक आत जाईल असे मला वाटले. हा निर्णय माझा होता, डॉक्टरांचा नव्हता.

माझे पती तिच्याकडे तोंड करून उभे होते. हात अंगाला लावून. घरी जेवताना मी वाघांच्या गोष्टी सांगते, तेव्हा ते वाटीत बोट बुडवत हूं हूं करतात, ऐकत नाहीत असेच मला वाटायचे. मी नेहमी सांगायचे, पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, डोळे तिच्यावर ठेवायचे आणि एकेक पाऊल मागे सरकायचं. त्यांनी अगदी तसेच केले. एक पाऊल मागे. थांबले. दुसरे पाऊल मागे. लग्नाला तेवीस वर्षे झाली, त्यात त्यांनी माझे शब्दाला शब्द ऐकले ते आज.

मागे खंदक होता. जिथवर कठडा जोडून झाला होता तिथवर तो होता, आणि पुढची दोन हात जागा मोकळी होती. मला ती दिसत होती. मी "अहो" म्हणाले. मोठ्याने ओरडले तर वाघीण उठेल म्हणून हळू म्हणाले. त्यांना ऐकू गेले नाही. तिसऱ्या पावलाला ते दिसेनासे झाले.

मुखवटा खंदकाच्या तळाशी आपटल्याचा आवाज झाला. त्या आवाजाने वाघीण उठली, दोन उड्यांत झडपेतून आत गेली, मी ओरडले आणि जोडीदाराने साखळी सोडली. दहा अठ्ठावन्न झाले होते. वाघिणीने माझ्या पतींना नखही लावलेले नाही. ते जागेवर उभे राहिले असते तर आणखी एका मिनिटात ती स्वतःहून आत गेली असती किंवा गेली नसती. हे मला कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही आणि मी ते जन्मभर विचारत राहणार.

खंदक साडेचार मीटर खोल आहे. मी आणि जोडीदार शिडी लावून उतरलो. त्यांच्या कमरेचे हाड मोडले आहे व डोक्याला मार आहे. रक्त डाव्या कानातून येत होते. डोळे मिटलेले होते. मी त्यांना नावाने हाक मारली, जी मी कधी मारत नाही. सुपरवायझर वर काठाशी उभा होता. तो म्हणाला, "मावशी, हे तुमचे कोण?" मी सांगितले. तो तिथेच खाली बसला.

दुपारी रुग्णालयात अधीक्षक साहेब येऊन भेटले. ते चांगले बोलले. म्हणाले, "वेल्डर परवानगीशिवाय आत थांबला होता, एवढंच सांगा. पुढचं आम्ही बघतो. तुमची अजून बारा वर्षं नोकरी आहे." त्या वेळी माझे पती आत काचेपलीकडे होते आणि त्यांना बोलता येत नव्हते. मी साहेबांना हो किंवा नाही काहीच म्हणाले नाही. मी घाबरले होते. आता सांगते की ते परवानगीने आत होते. सुपरवायझरने मला वेल्डर आत असल्याचे दहा वीसला सांगितले होते आणि वेल्डर एकच होता. ते बाहेर आले असतील असे मी धरून चालले.

येथे मला पाणी देण्यात आले. पाच पन्नासला मुलीचा फोन आला. ती रुग्णालयात वडिलांजवळ आहे. ती म्हणाली, "आई, बाबांनी डोळे उघडले. बोलले. ती कुठे आहे, असं विचारतायत." मी विचारले, "ती म्हणजे कोण?" मुलगी म्हणाली, "मला काय माहीत. तू का ती वाघीण? परत विचारू का?" मी नको म्हटले.

हवालदार म्हणाले, ते शुद्धीवर आले, आता जबाब येथे संपवू, तुम्ही जा. मी म्हटले, अजून एक राहिले आहे. हे मला कोणी विचारलेले नाही आणि कोणाला माहीतही नाही.

बोळात साखळीच्या शेजारी, हात पुरेल इतक्या अंतरावर, आवाराकडे एक लहान खिडकी आहे. तिला लोखंडी झाकण आहे. साखळीला हात लावण्यापूर्वी झाकण सरकवून आवार डोळ्यांनी बघायचे, हा नियम आहे. नव्या रक्षकांना तो मीच शिकवते. एकोणीस वर्षांत मी तो एकदाही चुकवलेला नाही. आज चुकवला. घाई नव्हती. विसरलेही नव्हते. माझा हात झाकणापर्यंत गेला होता. त्या खिडकीतून खडक समोरच दिसतो. कठड्याचे काम तिथेच चालू होते. ते अजून तिथे असले तर मला दिसले असते, आणि त्यांनी वर पाहिले असते तर मी त्यांना दिसले असते. आपण होऊन ते बोलायला येईपर्यंत मला त्यांचे तोंड बघायचे नव्हते. म्हणून मी हात मागे घेतला आणि सेटवर विचारले.

वरील जबाब हवालदारांनी मला मराठीत वाचून दाखवला. शेवटचा भाग ते हळू आवाजात वाचत होते. मी त्यांना तो पुन्हा, मोठ्याने वाचायला सांगितले. त्यांनी वाचला. मी सांगितला तसाच आहे. त्यात खाडाखोड नाही आणि मला ती करायची नाही.